सुर्ल्याच्या माथ्यावरचे पाणी

मिरगाचा पहिला जोरदार पाऊस कोसळला की डिचोली तालुक्याच्या खाणपट्ट्यातील माणूस आकाशाकडे पाहण्याआधी डोंगराकडे पाहतो. सुर्ला, वेळगे, पाळी, कुडणे, न्हावेली या टापूत ही सवय आता दोन पिढ्यांची झाली आहे. डोंगराच्या पोटात खणलेले खंदक, त्यांच्या कडेला रचलेले टाकाऊ मातीचे डंप आणि खनिज धुतल्यावर उरणारा गाळ साठविण्याची तळी हे सारे या गावांच्या मागाहून आले. गावे, देवळे, कुळागरे आणि शेते आधीची. सत्तरीत चोर्ल्याच्या घाटमाथ्याजवळ आणखी एक सुर्ला आहे. पर्यटक धावतात तो धबधबा तिथला आणि कर्नाटकाने वळवू घातलेला नालाही तिथलाच. त्या सुर्ल्याला आपले पाणी पळविले जाईल याची चिंता आहे. डिचोलीतील सुर्ल्याची चिंता नेमकी उलट आहे, आणि आज आम्हांस बोलावयाचे आहे ते तिच्याविषयी.

खाण चालू असते तेव्हा खंदकातले पाणी पंपांनी अहोरात्र उपसावे लागते. ती बंद पडली की पंप थांबतात आणि गोव्यात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आपले काम चोख बजावतो. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निवाड्यानंतर काही काळ त्या पुन्हा सुरू झाल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ च्या निवाड्याने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले आणि १६ मार्चपासून पुन्हा सामसूम झाली. २०२२ च्या मे महिन्यात सरकारने जुन्या पट्टाधारकांना जागा मोकळी करण्यास फर्माविले, वर्षाअखेरीस नवे लिलाव सुरू केले, आणि २०२३ मध्ये सुर्ला-सोनशी या नावाचा गटही लिलावात निघाला. डिचोली गटात २०२४ मध्ये प्रत्यक्ष उत्खनन पुन्हा सुरू झाले. या साऱ्या तारखा कामगारांनी, ट्रकमालकांनी आणि बार्जमालकांनी डोळ्यांत पाणी आणून मोजल्या. खंदकांतले पाणी मात्र कोणी मोजले, कोणाच्या वहीत ते लिहिले, आणि जुना धनी गेल्यावर नवा येईपर्यंत त्या पाण्याचा राखणदार कोण होता, हे खाली राहणाऱ्या माणसाला कोणी सांगितल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

आणि आता या पाण्याकडे निराळ्या नजरेने पाहिले जाऊ लागले आहे. निळेहिरवे, निवांत, डोंगरांनी वेढलेले पाणी पाहून कोणाच्याही मनात नौकाविहार, उपाहारगृह, तंबूंची वसाहत असे विचार यावेत हे स्वाभाविक आहे. साखळीजवळच्या एका जुन्या खाणीवर झाडे लावून, खंदकाचे तळे करून, त्यात मासे सोडून एक देखणी जागा उभी राहिलीच आहे. मयेचा तलाव तर पिढ्यानपिढ्या सहलीचे ठिकाण आहे. खाणी गेल्या तर पर्यटन आणा, हा आग्रह आम्हीही धरलेला आहे आणि तो आम्हांस आजही सोडावयाचा नाही. परंतु जे पाणी वरून करमणुकीचे दिसते ते खालून कसे दिसते, हा प्रश्न ज्यांनी विचारला नाही त्यांचे काय झाले हे एकदा पाहून घेतले पाहिजे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात जॉन्सटाउन नावाचे पोलाद गाळणाऱ्या कामगारांचे शहर आहे. त्याच्या वर सुमारे १४ मैलांवर साउथ फोर्क येथे मातीचे एक जुने धरण होते. कालव्यासाठी सरकारने ते बांधले, कालव्याचे दिवस सरल्यावर रेल्वे कंपनीला विकले, तिने एका खासगी मालकाला विकले. या मालकाने धरणाच्या तळातील पाणी सोडण्याचे लोखंडी नळ उपटून भंगारात काढले. पुढे १८७९ मध्ये पिट्सबर्गच्या धनिकांनी मासेमारीचा आणि शिकारीचा क्लब काढून ते धरण आणि त्यामागचे तळे घेतले. कार्नेगी आणि फ्रिक यांच्यासारखी मंडळी या क्लबाची सभासद होती. तळ्यात किमती मासे सोडले होते, ते सांडव्यातून निसटू नयेत म्हणून तिथे जाळ्या बसविल्या. धरणावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा खाली आणला. काढलेले नळ पुन्हा बसविले नाहीत. म्हणजे पाणी वाढले तर ते खालून सोडता येत नव्हते, बाजूने जाण्याच्या वाटेला जाळी होती आणि वरून उसळून जाण्यास माथाच खुजा होता. खालच्या पोलाद कारखान्याच्या अभियंत्याने १८८० मध्ये धरण पाहून नळ नाहीत आणि डागडुजी कच्ची आहे असे स्पष्ट लिहून दिले. कारखान्याच्या व्यवस्थापकाने तर दुरुस्तीच्या खर्चाचा काही भाग उचलण्याचीही तयारी दाखविली. आमच्या उपक्रमापासून तुम्हांस काही भय नाही, अशा आशयाचे उत्तर क्लबाकडून आले. ३१ मे १८८९ रोजी, एका मोठ्या पावसानंतर, पाणी माथ्यावरून गेले आणि धरण फुटले. २,२०९ माणसे गेली. क्लबावर न्यायालयात कसलीही जबाबदारी सिद्ध झाली नाही.

ही शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची कथा आम्ही एवढ्या तपशिलाने सांगितली ती तिच्यातल्या एका गोष्टीसाठी. धरणाचा धनी वर होता, धोका खाली होता, आणि या दोघांना बांधणारा कोणताही कायदा मध्ये नव्हता. मातीचे धरण मातीमुळे फुटले ही त्या कथेची अर्धी बाजू झाली. ते फुटू शकते हे ठाऊक असलेल्या माणसाच्या हाती काहीच अधिकार नव्हता, ही उरलेली अर्धी.

त्या देशाने पुढे बरेच शिकून घेतले. तिथे धरणाला धोक्याची प्रत लावतात: कमी, लक्षणीय आणि उच्च. येथे बहुतेकांची समजूत चुकते, म्हणून थोडे थांबून सांगावेसे वाटते. ही प्रत धरण किती मजबूत आहे हे सांगत नाही. ते फुटलेच तर खाली काय जाईल, एवढेच ती सांगते. जंगलात एकाकी असलेले मोडकळीचे धरण कमी धोक्याचे ठरू शकते, आणि कालच बांधलेले पोलादासारखे धरण, खाली शंभर घरांची वाडी असेल तर, उच्च धोक्याचे. धरणाची प्रकृती कशी आहे ही दुसरी, स्वतंत्र नोंद. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्या की मगच निर्णय घेता येतो. वरच्या बांधाची प्रकृती बरी आणि खालच्या वाडीचा धोका मोठा, असा मेळ दिसला की बरी हा शब्द पुरेसा नाही हे कळते. मिशिगन राज्यातील एडनव्हिल धरणाचे असेच झाले. खासगी मालकीचे ते धरण, त्यामागच्या तळ्याकाठी सुट्टी घालविणाऱ्यांची घरे. सांडवा अपुरा म्हणून २०१८ मध्ये केंद्रीय नियामकाने मालकाचा वीजनिर्मितीचा परवानाच काढून घेतला. परवाना गेल्यावर धरणाची देखरेख राज्याकडे आली आणि राज्याच्या तपासणीने त्याच वर्षी धरणाची प्रकृती ठीक असल्याचे नोंदविले. १९ मे २०२० रोजी ते फुटले. खालचे दुसरे धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही. प्राणहानी झाली नाही, कारण सुमारे दहा हजार माणसे वेळीच हलविली होती. धोक्याची प्रत उच्च असल्याचे आधीपासून ठाऊक होते, म्हणून माणसे कोठून हलवावयाची हेही ठाऊक होते.

आपल्याकडे असे काही नाही असे म्हणता येणार नाही. ३० डिसेंबर २०२१ पासून धरण सुरक्षा कायदा अमलात आला. त्यात राज्य धरण सुरक्षा संघटना आहे, पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे, आपत्कालीन कृती आराखडा आहे, धोक्यानुसार वर्गवारीही आहे. मालक सरकार असो, कंपनी असो, तो त्यातून सुटत नाही, आणि कसूर केल्यास तुरुंगवासाची तरतूद आहे. पंधरा मीटरहून उंच धरण या कायद्याखाली येते. दहा ते पंधरा मीटर उंचीचे असेल तर लांबी किंवा साठा यांसारख्या काही अटी पुऱ्या करीत असल्यास येते. साळावली, अंजुणे, चापोली, आमठाणे अशी आपली मोजकी धरणे सरकारची आहेत. त्यांच्याकडे निदान एक खाते तरी बघत असते.

पण कायद्यातली धरणाची व्याख्या वाचा. नदीवर किंवा तिच्या उपनदीवर पाणी अडविण्यासाठी बांधलेला कृत्रिम अडथळा म्हणजे धरण. सुर्ल्याच्या खंदकाचे पाणी कोणत्या नदीवर अडविलेले आहे? कोणत्याच नाही. ते आकाशातून पडले आणि खड्ड्यात साठले. त्याच्या उताराकडच्या बाजूला जी भिंत शिल्लक आहे ती धरण म्हणून कोणी बांधलेली नाही. खनिज काढता काढता जे उरले ते उरले, त्यावर डंपाची माती पडली, आणि तिलाच आता बांध म्हणावयाचे. गाळाच्या तळ्याचा बांध तर गाळ आणि माती यांचाच. खाण सुरक्षा महासंचालनालयाचे नियम आहेत, भारतीय खाण ब्युरोकडे खाण बंद करण्याचे आराखडे आहेत, राज्याचे खाण खाते आहे, जलस्रोत खाते आहे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आपत्ती व्यवस्थापन आहे. पाच दारे आहेत. पावसाळ्याच्या रात्री कोणते ठोठावावयाचे, हे पाळीच्या किंवा सुर्ल्याच्या पंचसदस्याला विचारून पाहा.

मातीचा बांध फुटतो कसा, हे गोव्याच्या शेतकऱ्याला शिकविण्याची गरज नाही. एक तर पाणी माथ्यावरून जाते आणि उताराची माती ओरबाडीत नेते. किंवा आतून झिरपता झिरपता मातीचे कण वाहून जातात, बांधात नळी पडते आणि ती रुंदावत जाते. पाझर स्वच्छ आहे तोवर धीर धरता येतो. पाझर गढूळ झाला म्हणजे बांध आतून पोखरला जात आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यात तिवरे धरणाखालच्या भेंदवाडीतील रहिवाशांनी गळतीची तक्रार केलेली होती. २ जुलै २०१९ च्या रात्री ते धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसांना घेऊन गेले. खेकड्यांनी धरण पोखरले असे त्यावेळी एका मंत्रिमहोदयांनी सांगितले. खेकडे बिचारे निवेदन काढू शकत नाहीत.

आमच्या तालुक्यालाही हा अनुभव परका नाही. २००९ च्या पावसाळ्यात अडवलपाल गावात खाणीकडून आलेल्या चिखलपाण्याचा लोंढा शिरला होता. शेतात आणि घरांत साचलेला तो तांबडा गाळ काढताना लोकांचे जे झाले ते ज्यांनी पाहिले त्यांना विसरणे कठीण आहे. पेडणेकरांना २०१९ च्या ऑगस्टमध्ये निराळा धडा मिळाला. तिळारीचे पाणी वाढले आणि इब्रामपूर, चांदेल, हसापूर या गावांत घरांपर्यंत आले. तिळारी धरण मजबूत होते, फुटले नव्हते. तरीही पाणी आले. वरचे पाणी कधी, किती आणि कोणत्या वाटेने येणार याची खबर खालच्या गावाला असणे, ही बांधाच्या मजबुतीहून वेगळी आणि तितकीच मोलाची गोष्ट आहे.

लोहखनिजाचा गाळ काय करू शकतो याचे सर्वांत भीषण उदाहरण ब्राझीलचे आहे. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्हो येथे वाले कंपनीच्या लोहखनिज खाणीतील गाळाचे धरण भर दुपारी कोसळले आणि २७० माणसे गेली. त्यांतले पुष्कळजण खाणीच्याच उपाहारगृहात जेवत होते, कारण ते उपाहारगृह धरणाच्या खालीच बांधले होते. त्या धरणात काही वर्षे नवा गाळ टाकणे बंद होते. आणि आदल्याच सप्टेंबरात एका नामांकित परदेशी संस्थेने ते स्थिर असल्याचे प्रमाणपत्र दिले होते. बंद खाण म्हणजे निरुपद्रवी खाण, आणि प्रमाणपत्र म्हणजे सुरक्षितता, या दोन्ही समजुती त्या दिवशी गाळाखाली गेल्या. गोव्यातल्या खाणींची आणि ब्राझीलची बरोबरी आम्ही करीत नाही. तिथले धरण कैक पटींनी मोठे होते. पण कागद आणि माती यांच्यातले अंतर दोन्हीकडे सारखेच आहे.

करमणुकीच्या पाण्याचे मराठी उदाहरण हवे असेल तर ते पुण्याजवळ आहे. लवासा या खासगी गिरिनगरीने दासवे येथे बांध घालून तळे केले. तळ्याकाठची रंगीत घरे जाहिरातींतून महाराष्ट्रभर पोहोचली. २०१० मध्ये पर्यावरण मंत्रालयाने कामे थांबविण्याची नोटीस दिली, पुढच्या वर्षी अटींसह परवानगी मिळाली, आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कार्यवाहीत गेली. दासवेचे पाणी मोसे नदीने वरसगावच्या जलाशयाकडे जाते, आणि त्याखाली खडकवासला व पुणे. १२ जुलै १९६१ चा पानशेतचा लोंढा ज्या शहराने पाहिला त्या शहराला हे भूगोलाच्या पुस्तकातून शिकावे लागत नाही. कंपनी तोट्यात गेली म्हणून पाणी तोट्यात जात नाही, ते प्रत्येक पावसाळ्यात भरतेच. मालकाच्या तिजोरीत खडखडाट झाल्यावर बांधाच्या डागडुजीचे पैसे कोठून यावेत, हा प्रश्न परवानगी देतानाच विचारावयाचा असतो.

आमच्या पूर्वजांनी तो विचारला होता. खाजन शेतीचे बांध आणि मानशी गावकीच्या मालकीच्या असत. बांधावर नजर ठेवण्यासाठी गाव माणूस नेमी, आणि भरतीच्या रात्री बांधाला भगदाड पडले तर हाक कोणी मारावयाची आणि धावावयाचे कोणी, हे ठरलेले असे. खाजनांची आजची दुरवस्था आम्हांस ठाऊक आहे, तेव्हा जुन्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. पण ज्याच्या शेतात पाणी शिरणार त्याचाच बांधावर अधिकार, ही त्या व्यवस्थेतली गोष्ट मोठी शहाणपणाची होती.

या लेखनाने भीती पसरेल आणि जेमतेम सुरू होत असलेल्या खाणींना पुन्हा खीळ बसेल, अशी शंका काहींना येईल. खाणबंदीच्या वर्षांत डिचोलीच्या बाजारात दुकानांवर काय पाळी आली हे आम्ही पाहिले आहे. ट्रकांचे हप्ते थकलेले आमचे वाचक आहेत. त्यांच्या पोटावर पाय यावा अशी आमची इच्छा असण्याचे कारण नाही. उलट आम्ही मागतो आहोत ते खाणीलाही आणि पर्यटनालाही उपकारकच आहे. डंप कोसळून किंवा खंदक फुटून उद्या एखाद्या वाडीत मढी पडली, तर पुढची बंदी कोणत्याही न्यायालयाच्या पायरीवर उठविता येणार नाही. दुसरी शंका अधिक वजनदार आहे. हे खंदक पाण्याचे साठेही आहेत. उन्हाळ्यात त्यांतले पाणी शेतीला आणि नळांना उपयोगी पडते, मग ते रिकामे करा म्हणावे काय? तसे आम्ही म्हणत नाही. पाणी साठवा, पण किती पातळीपर्यंत साठवावयाचे आणि त्यावरचे कोणत्या वाटेने सोडावयाचे हे ठरवून साठवा. ज्या साठ्याला सांडवा नाही त्याचा सांडवा पाऊस स्वतःच शोधून काढतो.

सरकारने आता एक काम करावे. धरण या शब्दाच्या व्याख्येत बसो वा न बसो, डोंगरात साठलेले प्रत्येक मोठे पाणी मोजावे. खाणीचे खंदक, गाळाची तळी, डंपांच्या पायथ्याचे बांध, आणि हल्ली फार्महाउस व रिसॉर्टवाल्यांनी ओहोळ अडवून केलेली खासगी तळी, ही सारी एका वहीत यावीत. प्रत्येकापुढे दोन नोंदी असाव्यात: फुटल्यास खाली कोण आहे, आणि बांधाची प्रकृती काय. या दोन्ही नोंदी मराठीत आणि कोंकणीत पंचायतीच्या फलकावर लागाव्यात. लोंढ्याच्या वाटेचा नकाशाही तिथेच असावा, म्हणजे अंगणवाडी किंवा नवे घर कोठे बांधू नये हे लोकांनाच कळेल. तपासणी करणाऱ्या अभियंत्याची फी मालकाने देऊ नये; ब्राझीलच्या प्रमाणपत्राचे पैसे कोणी मोजले होते हे आठवावे. त्यासाठी जिल्हा खनिज निधी आहे, आणि खाणबाधितांच्या रक्षणाहून त्या निधीचा अधिक योग्य विनियोग आम्हांस तरी सुचत नाही. लिलावात गट घेणाऱ्याकडून खंदकांच्या देखरेखीची ठेव आधी घ्यावी. जुन्याचा पट्टा गेला आणि नव्याचे काम सुरू झाले नाही अशा मधल्या काळात खंदकांची देखरेख नावानिशी एका अधिकाऱ्याकडे द्यावी. खाते नको, अधिकारी हवा, त्याचा दूरध्वनी क्रमांक हवा, आणि जून ते सप्टेंबर तो रात्री उचलला गेला पाहिजे.

यांतील बरीचशी गोष्ट सरकारची वाट न पाहताही होऊ शकते. पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत सुर्ल्याच्या कोणाही नागरिकाने उठून विचारावे की आपल्या माथ्यावर आज किती पाणी आहे, आणि गतवर्षी याच दिवशी किती होते. उत्तर मिळाले नाही तर तेही इतिवृत्तात लिहून घ्यावे. मग चार जाणत्या माणसांनी खंदकाच्या काठावर, सर्वांना दिसेल अशा ठिकाणी, रंगाने एक रेघ मारून तारीख घालावी, आणि ओहोळाच्या उगमाशी झिरपणारे पाणी दर रविवारी एका काचेच्या बाटलीत भरून पाहावे.